कलमी गुलाबाच्या बुडातून रानटी फूट आलीय, ही जात कुठली? शेताच्या कुंपणाला चालेल का?

गच्चीतला_माळी

नमस्कार मंडळी, जुळे सोलापूर. गच्चीत कुंड्यांत बाग केलीय, त्यात एक लाल कलमी गुलाब, रस्त्यावरच्या हातगाडीवरून घेतलेला. घेतला तेव्हा फुलं होती, उन्हाळ्यात नुसता जीव धरून राहिला, आणि पाऊस पडल्यापासून बुडातून एक फांदी अशी सुटलीय की विचारू नका, कठड्यावरून खाली लोंबायलीय. लाल गुलाबाच्या देठाला पाच पानं आहेत, हिच्या देठाला सात, कुठं कुठं नऊ. बारीक, फिकट, चकाकी अजिबात नाही. काटे जवळजवळ नाहीतच. कळी एक नाही. आणि वरची मूळ लाल गुलाबाची फांदी मात्र वाळत चाललीय.

शेजारचे काका म्हणायलेत की हा जंगली गुलाब, आपल्या सह्याद्रीतलाच, राहू द्या, चिवट असतो. तिकडं सांगोल्याचा मामेभाऊ मागं लागलाय की काड्या दे, डाळिंबाच्या बागेला कडेनं कुंपण करतो. कुठल्यातरी व्हिडिओत बघितलंय म्हणे की परदेशात शेताला गुलाबाचं कुंपण असतं आणि गुरं आत शिरत नाहीत. फुकटात होतंय म्हणून गडी खूश.

तर ही जात कुठली, मूळची कुठली, आणि आपल्याकडच्या उन्हात, काळ्या रानात कुंपणाला चालेल का, एवढं सांगा.

निंबोळी

दादा आधी ती फांदी कुठून निघालीय ते बघा. कुंडीतली वरची माती बोटानं उकरा, जिथं डोळा भरलेला असतो, म्हणजे हव्या त्या गुलाबाचा अंकुर खालच्या खुंटात बसवलेला असतो, तिथं खोडाला गाठीसारखा जाडपणा असतो. त्या गाठीच्या वरून निघाली असेल तर तुमचाच गुलाब, खालून निघाली असेल तर खुंटाचा फुटवा. खुंट रानटी जातीचा असतो, त्याची मुळं जोरदार, म्हणून तर त्यावर कलम करतात. पण एकदा का त्यानं स्वतःची फांदी काढली की सगळं अन्न तिकडंच ओढतो आणि वरचं कलम उपाशी मरतं. तुमचं नेमकं हेच चाललंय. लोक म्हणतात ना, नर्सरीवाल्यानं फसवलं, लाल नेला आणि पांढरा निघाला, तिथं बहुतेकदा कलम मेलेलं असतं आणि खुंट फुललेला असतो.

सात पानं म्हणजे खुंटच, असं मात्र डोळे झाकून धरू नका, काही कलमी जातींनाही जोमाच्या फांदीवर सात येतात. खरी खूण पानाच्या देठाच्या बुडाशी असते. देठ फांदीला जिथं चिकटतो तिथं दोन्ही बाजूंनी हिरवी पट्टी असते बघा, तिची कड कशी आहे? सरळ की कातरलेली? तिथला जवळून फोटो टाका.

गच्चीतला_माळी

माती उकरली, गाठीच्या खालूनच आहे, पार मुळापाशी. देठाच्या बुडाचा फोटो टाकलाय. पोराच्या शाळेच्या भिंगातून बघितलं तर पट्टीच्या कडेला कंगव्यासारखे लांब लांब दाते आहेत, आणि एकेका दात्याच्या टोकाला लालसर टिंब. असलं काही गुलाबाला असतं हे आजवर माहीत नव्हतं.

पानफूल

फोटो बघितला. शंका राहिली नाही, रोझा मल्टिफ्लोरा. ती कातरलेली कड हीच तिची सही. बाकीच्या बहुतेक गुलाबांत ती पट्टी सरळ कडेची किंवा बारीक दात्यांची असते, एवढी झालर नसते. बिनकाट्याच्या फांद्यांचे प्रकार खुंटासाठी मुद्दाम वापरतात, डोळा भरताना हात फाटत नाही म्हणून, त्यामुळं काटे नसण्यात नवल नाही.

आता मूळ कुठलं ते. काकांना नमस्कार सांगा, पण सह्याद्रीचा आणि हिचा काही संबंध नाही. जपान, कोरिया, चीनचा पूर्व भाग आणि तैवान हे हिचं माहेर. जपानात तर नदीकाठानं, रस्त्याच्या कडेनं, जंगलाच्या काठावर कुठंही उगवते, तिकडं तिला नोईबारा म्हणतात, आणि तिची वाळवलेली लाल फळं जुन्या औषधांत पोट साफ करायला वापरायचे. झुडूप वाढलं की दहा-पंधरा फूट जातं, फांद्या कमानीसारख्या वाकतात, आणि आधार मिळाला तर झाडावरही चढते. उन्हाळ्याच्या तोंडाला वर्षातनं एकदाच पांढऱ्या एकेरी फुलांचे घोस, फूल रुपयाच्या नाण्याएवढं, पण एका घोसात ढीगभर. मग ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी लाल फळं धरतात आणि थंडीभर झाडावर राहतात, पाखरं खातात. तुमच्या फांदीला कळी नाही कारण ही जात नव्या फुटीवर फुलत नाही, आदल्या वर्षीच्या फांदीवर फुलते. तेही थंडी मिळाली तर.

ह्या रानटी झुडपाचं गुलाबाच्या इतिहासात केवढं नाव आहे! १८७५ साली फ्रान्समध्ये गियो नावाच्या माणसानं पाकरेत नावाचा बुटका गुलाब बाजारात आणला, पॉलिअँथा गटातला पहिला. त्यात हिचं रक्त. पुढं ह्या पॉलिअँथावर मोठ्या फुलांच्या गुलाबांचा संकर होऊन फ्लोरिबंडा निघाले. म्हणजे आज नर्सरीत घोसानं फुलणारा जो कुठला गुलाब तुम्ही उचलता त्याच्या पूर्वजांत ही जपानी बाई कुठंतरी बसलेलीच असते.

कुंपणाबद्दल जरा सवडीनं लिहितो, थांबा.

सांगोला_एक्स्प्रेस

मी बी सांगोल्याचाच. मामेभावाला म्हणावं गुलाबाचं कुंपण करशील तर आमच्या उस्मानाबादी शेळ्या आधी त्याचाच नाश्ता करतील. काटे नाहीत म्हणता वर. बिनकाट्याचं कुंपण म्हणजे शेळीला आमंत्रणपत्रिकाच की ओ.

ओहायोतला_सोलापूरकर

ह्या धाग्यावर मला लिहायलाच पाहिजे. नवी पेठेत वाढलो, आता बरीच वर्षं ओहायोत आहे, आणि हे झुडूप इथं माझ्या घरामागं आहे. माझं नाही, कुणाचंच नाही, आपोआप आलेलं.

मामेभावानं व्हिडिओ बघितला तो खोटा नाही, पण अर्धाच बघितला असणार. १८६६ साली जपानातून हे अमेरिकेत आणलं ते शोभेच्या गुलाबांना खुंट म्हणून, म्हणजे तुमच्या कुंडीत ज्या कामासाठी आहे त्याच कामासाठी. पुढं १९३० च्या दशकात इथं जमिनीची धूप भयंकर वाढली तेव्हा सरकारच्या मृदसंधारण खात्यानं डोक्यात घेतलं की ह्याचं जिवंत कुंपण करा, माती धरून ठेवतं, गुरं अडतात, पाखरांना खाणं मिळतं. शेतकऱ्यांना रोपं वाटली. काही ठिकाणी हायवेच्या मधल्या पट्ट्यातही लावलं, समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत अडतो आणि गाडी घसरली तर झुडपात अडकते म्हणून. कागदावर एकदम झकास योजना.

मग पाखरांनी फळं खाल्ली आणि बिया सगळीकडं नेल्या. एक मोठं झुडूप वर्षाला दहा लाखापर्यंत बिया देऊ शकतं असा अंदाज इथं सांगतात, आणि त्या बिया मातीत वीस वर्षांपर्यंत जिवंत राहतात. त्यात फांदी वाकून जमिनीला टेकली की तिथंही मूळ धरते. कुरणंच्या कुरणं गेली. आतमध्ये माणूस शिरत नाही, गाय शिरत नाही, दुसरं झाड उगवत नाही. ज्या राज्यांनी रोपं वाटली त्यातल्या काहींनी नंतर तेच झुडूप उपद्रवी तण म्हणून कायद्यात घातलं. आपल्याकडची वेडी बाभूळ आठवा. तीही बाहेरचीच, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची, तीही सरपण होईल, माती धरेल म्हणून आणलेली, आणि आता होटगी रोडनं बाहेर पडलं की दोन्ही बाजूला दुसरं काय दिसतं?

जूनमध्ये फुलतं तेव्हा वास मात्र असा सुटतो की राग जातो. दोन आठवडे. बाकी वर्षभर शिव्या.

आणि सांगोला_एक्स्प्रेस, तुमचं अगदी बरोबर आहे. इथं हे झुडूप काढायला लोक शेळ्याच सोडतात. बिनकाट्याचं नाही बरं का, चांगल्या आकड्यासारख्या काट्यांचं. दोन-तीन हंगाम सारख्या चरल्या की मुळातली ताकद संपते.

अजून एक. ह्याच्यावर एक रोग येतो, रोझ रोझेट म्हणतात. डोळ्याला न दिसणारी बारीक कोळी-कीड वाऱ्यावरून पसरवते. फांद्यांचा केरसुणीसारखा झुबका होतो, लाल पडतो, काटेच काटे येतात आणि झाड मरतं. काही जणांना वाटलं होतं चला बरं झालं, तण आपोआप मरेल, पण तो रोग बागेतल्या गुलाबांनाही होतो, आणि रानातलं झुडूप म्हणजे त्याचं कोठार होऊन बसलं.

सांगोला_एक्स्प्रेस

बघा, आमच्या शेळ्यांना अमेरिकेत पगार आहे आणि इथं बोकड म्हणून बघतात.

निंबोळी

अमेरिकेचं सगळं खरं, पण तिथलं इथं जसंच्या तसं लावू नका. ह्याचं बी रुजायला थंडी लागते, ओल्या मातीत काही आठवडे फ्रीजच्या आतल्यासारखी थंडी. आपल्याकडं डिसेंबरात पारा बारा-तेराच्या खाली गेला तरी आपण मफलर काढतो. फुलायचंच मुश्किल, मग फळ धरणार कधी आणि बी रुजणार कधी. आजवर सोलापुरात खुंटाचं झाड नर्सरीबाहेर आपोआप उगवलेलं मला तरी दिसलेलं नाही. त्यामुळं वेडी बाभूळ होईल ही भीती इथं नाही. इथं प्रश्न उलटा आहे, ते जगेल का हा.

जपानच्या हवेत पाऊस आपल्या दुप्पट-तिप्पट, माती बऱ्याच ठिकाणी आंबट. आपल्याकडं चुनखडीचं काळं रान आणि वर बोअरचं जड पाणी. मल्टिफ्लोरा खुंट असल्या मातीत लोह उचलूच शकत नाही. पान पिवळं पडतं पण शिरा हिरव्या राहतात, नव्या पानांवर आधी दिसतं. दादा, तुमच्या वरच्या लाल फांदीची पानं अशी झाली होती का? नुसता फुटव्यालाच दोष देऊ नका, पाण्याचाही असेल.

गच्चीतला_माळी

हो ओ ताई, अगदी तशीच. मी समजत होतो खत कमी पडलं म्हणून, युरिया टाकत होतो. पाणी बोअरचंच, भांड्याला पांढरा थर बसतो असलं.

निंबोळी

युरिया बंद करा, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. शेणखत आणि निंबोळी पेंड घाला, चिलेटेड लोह मिळतं ते पाकिटावर लिहिलेल्या मापानं पाण्यातून द्या. नुसता हिराकस टाकला तर आपल्या मातीत तो लगेच अडकून बसतो, झाडाला मिळत नाही. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवलंत तर गुलाबाला तेच द्या.

आणि फुटवा कात्रीनं कापू नका. कापला की त्याच जागेवरून चार येतात. माती बाजूला करून जिथून निघालाय तिथपर्यंत जा आणि हातानं खाली ओढून सांध्यातून उपटा, थोडी साल निघाली तरी चालेल, बुडाच्या डोळ्यांसकट गेला पाहिजे. नंतर ती जागा दोन दिवस उघडी ठेवा, मग माती लोटा.

पानफूल

निंबोळी ताईंनी माझं अर्धं काम केलं. मी कुंपणावर लिहिणार होतो, तेच लिहिलंय आणि माझ्यापेक्षा बरं. मूळ प्रदेश कुठला हा प्रश्न कुणी विचारला की लोकांना वाटतं शाळेच्या पुस्तकातली माहिती आहे, पण झाड कुठल्या मातीत, कुठल्या पावसात, किती थंडीत घडलंय हे त्यावरूनच कळतं, आणि मग पान पिवळं का पडलं ह्याचं उत्तर युरियाच्या गोणीत शोधावं लागत नाही.

सांगोल्याला कुंपणच करायचं तर आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या जे चालत आलंय ते काय वाईट आहे? घायपात, शेर, चिलार. घायपातही बाहेरचीच, मेक्सिकोकडची, पण तिकडचा तो मुलूखही कोरडाच, म्हणून इथं बिनपाण्याची उभी राहते. चिलारीतून शेळी काय, कुत्रं जात नाही. फक्त शेर लावताना चिकापासून डोळे सांभाळायला सांगा, आणि पोरांना त्यापासून लांब ठेवा.

काठावरचा

एक शंका. मग भारतात रानगुलाब आहेच की नाही? का सगळेच बाहेरून आलेत? आमच्याकडं पंढरपूरला हाराला जो गावठी गुलाब येतो, गुलाबी, वासाचा, पाकळ्या झडणारा, तो तरी आपला ना?

पानफूल

आहे की, भरपूर आहे, फक्त सोलापुरात नाही. रानगुलाब हे उत्तर गोलार्धातलंच झाड आहे, विषुववृत्ताच्या दक्षिणेला मूळचा असा एकही नाही. त्यामुळं बहुतेक जाती थंड मुलखातल्या. हिमालयात पाच-सहा तरी आरामात भेटतात. पांढऱ्या घोसांची रोझा ब्रुनोनाय हिमाचल-उत्तराखंडच्या रस्त्यांवर झाडांवर चढलेली दिसते, वर लडाख-स्पितीच्या कोरड्या भागात गुलाबी फुलांची वेबियाना, आणि सेरिसिया नावाची एक आहे तिला चारच पाकळ्या असतात, गुलाबात असलं सहसा दिसत नाही. मणिपूरच्या शिरुई डोंगरावर जायगँटिया आहे, नावाप्रमाणं अवाढव्य वेल, हाताच्या तळव्याएवढं फूल. आपल्या घाटाचंच म्हणाल तर दक्षिणेला निलगिरी आणि पळणीच्या उंच डोंगरांत लेशेनोल्टियाना नावाची पांढरी जात आहे. काकांचं तेवढ्यापुरतं धरा, घाटात रानगुलाब आहे, पण तो तुमच्या कुंडीतला नव्हे.

आणि सगळ्यांत भारी म्हणजे रोझा क्लायनोफिला. बंगाल, बांगलादेश, म्यानमार इथं नदीच्या, तळ्याच्या काठी, अगदी पुराच्या पाण्यात बुडणाऱ्या जागेत वाढते, आणि तिथून एवढ्या लांब अबूच्या डोंगरावरही आहे. उष्ण कटिबंधातला गुलाब म्हणावा तर हाच. पांढरं एकेरी फूल. कोडाईकनालचं वीरराघवन दांपत्य, ते आणि गिरिजा, ह्यांनी आयुष्यभर हेच काम केलं. युरोपातल्या थंड हवेसाठी केलेले गुलाब भारतात आणून सलाईनवर जगवण्यापेक्षा क्लायनोफिला आणि जायगँटिया घेऊन गरम हवेचे गुलाब तयार करायचे. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत भारतात गुलाबावर ह्याहून शहाणं काम फार थोडं झालंय, आणि नर्सरीवाले अजून हॉलंडच्या कॅटलॉगमधलेच फोटो दाखवतात.

हाराच्या गावठी गुलाबाचं म्हणाल तर त्या नावाखाली दोन-तीन वेगवेगळे विकले जातात. त्यातला एडवर्ड म्हणतात तो रानातला नव्हेच. हिंदी महासागरातलं बोर्बों बेट, आताचं रियुनियन, तिथं शेताच्या बांधाला दमास्क आणि चिनी असे दोन गुलाब कुंपण म्हणून लावायचे, त्यांचा आपोआप संकर होऊन १८२० च्या आसपास हा गट पुढं आला. बघा, तिथंही कुंपणच!

काठावरचा

म्हणजे देवाला वाहतो तो पण फॉरेनचा. घरी सांगत नाही, आई हार आणणं बंद करेल.

ओहायोतला_सोलापूरकर

तसं बघायला गेलं तर मिरची पण फॉरेनची, शेंगा पण. शेंगाची चटणी सोडणार का कुणी?

गच्चीतला_माळी

सगळ्यांचे आभार. मामेभावाला फोन केला, तो म्हणतो मग व्हिडिओवाल्यानं शेवट का दाखवला नाही. घायपातीचं बघतो म्हणालाय. फुटवा उद्या सकाळी ताईंनी सांगितलं तसा उपटतो. एक विचारायचं राहिलं, एवढी लांब फांदी, फेकूनच द्यायची का?

निंबोळी

फेकू नका हो! पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वीतभर काड्या करा, खालचे डोळे खरवडून काढा, वरचे दोन ठेवा, रेती आणि कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवा. थंडीपर्यंत मुळं धरली आणि साल सुटायला लागली की डिसेंबर-जानेवारीत टी आकाराचा छेद देऊन त्यावर हव्या त्या गुलाबाचा डोळा भरा. तुमच्या लाल फांदीवर अजून एखादा जिवंत डोळा असेल तर तोच भरा, म्हणजे जात वाचेल. फक्त कुंडीत, पावसाच्या पाण्यावर. जमिनीत लावायचा असेल तर एडवर्डचा किंवा इंडिकाचा खुंट घ्या, चुनखडीत ते बरे टिकतात.

उरल्या तर चार काड्या मला द्या, मी विजापूर रोडलाच असते. शनिवारी संध्याकाळी येऊ का? रविवारी जमणार नाही, आमच्याकडं नळाला पाणी सुटायचा दिवस आहे.

गच्चीतला_माळी

या की शनिवारी. काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो.